न शिवता

पूर्वी हात लावायचे.
माथेनेसरच्या पुलापाशी, ट्राम वळते तिथे,
दिवाल्दोला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे
आणि निळ्या हातमोज्यांतले दोन हात
काखेतून कमरेवर, कमरेवरून घोट्यापर्यंत
उतरायचे, जिना उतरावा तसे.
सोळाव्या वर्षापर्यंत सात वेळा.
आठव्यांदा घरी येऊन म्हणाला, आई,
तू लावलेला आतला खिसा त्यांनी उलटा केला,
टीप उसवली.
मी सुई ओवली. दुसरं काय करणार होते.

आता गाडी उभी असते. पांढरी, बिनखिडक्यांची,
मासळीवाल्याची वाटावी अशी.
वस्तीच्या सभेत एका बाईंनी पडद्यावर दाखवलं:
अंगातून ऊब निघते, सगळ्यांच्याच निघते,
कापडातून आरपार जाते,
मध्ये लोखंड आलं की तेवढ्यापुरती अडते.
तिथे काळा डाग उमटतो.
बारा पावलांवरून. कुणालाही न शिवता.
टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.
गेल्या वर्षी आमच्याच गल्लीत
जोसेलिनाच्या थोरल्याला सुरा लागला होता.

विचारायचं होतं ते राहिलंच:
अस्तर दिसतं का हो तुमच्या यंत्राला?
दुहेरी कॉलर, खांद्यात भरलेला कापूस,
बाहीच्या आतून घातलेली, कुणी न पाहिलेली हातशिलाई?
चाळीस वर्षं मी माणसांना झाकत आले.
आधी बेटावर, मग इथे, बंदराच्या वाऱ्यात.
आणि त्या पडद्यावर सगळेच उघडे चालत होते,
राखाडी, बिनचेहऱ्याचे,
माझा एकही टाका अंगावर नसल्यासारखे.
मी शिवते.
ते शिवत नाहीत.

मार्चमध्ये कात्री धार लावायला दिली होती, स्खीडामला.
दहा इंची, माझ्या मावशीची.
दिवाल्दो आणायला गेला. पाऊस भुरभुरत होता,
गंज नको म्हणून फ्लॅनेलमध्ये गुंडाळून
त्याने ती जॅकेटच्या आत, छातीशी धरली.
डाग उमटला असणार. लांबट, टोकदार.
कर्ण्यातून आवाज आला: थांब. चेन उघड. हळू.
जमिनीवर ठेव. मागे हो. आणखी मागे.
कुणी जवळ आलं नाही.
शर्ट वर धरून तो उभा राहिला,
आणि ट्राम थांब्यावर पूर्ण एक मिनिट थांबली.

त्या जुन्या हातांतला एक जोड वीबेचा होता.
लाल भुवयांचा, वर फ्रीसलंडकडचा.
एका जानेवारीत झडती घेता घेता
मानेपाशी त्याचा हात थांबला.
पोरा, तुला ताप आहे, म्हणाला,
आणि स्वतः दारापर्यंत सोडून गेला.
मी त्याला कॉफी विचारली नाही.
आज आला तरी विचारणार नाही.
पण गाडी दिवसभर ऊबच बघत असते म्हणे.
ताप तिला कळतो का, कोण जाणे.

कात्री चौदा दिवसांनी परत मिळाली,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर नंबर.
खिडकीतला मुलगा सभ्य होता, सॉरी म्हणाला.
पात्यावर गंजाचा ठिपका, मिरीएवढा.
घासला, गेला नाही.

काल कोटाचं कापड आणलं, गडद हिरवं,
त्याच्या नोकरीच्या मुलाखतीसाठी.
इकडे ये, म्हटलं, माप घेऊ दे.
टेप घेऊन मी त्याच्या मागे गेले मात्र,
त्याने दोन्ही हात बाजूला पसरले,
पाय फाकवले,
भिंतीकडे तोंड केलं.
काचुपा चुलीवर होता. झाकण खडखडत होतं.
त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी टेप गळ्यात अडकवली.
जेवून घे, म्हटलं.
रात्री जुन्या जॅकेटवरून अंदाजाने कापलं.
खांद्यात थोडा सैल झालाय.